निबर वैरण आणि पांढरी बुरशी

आई कडब्याची पेंढी सोडायच्या आधी हुंगायची. गंजीतून पेंढी ओढली की बुडख्याशी नाक न्यायची, दोन धाटे मोडून आत बघायची. काळपट डाग दिसला किंवा कुबट वास आला तर अख्खी पेंढी उकिरड्यावर. खटाव तालुक्यात कडबा टाकून देणे म्हणजे ताटातली भाकरी टाकण्यासारखे. तरी ती टाकायची. "बुरा आलाय, दावणीला न्हाई जायाचा," एवढेच म्हणायची. एका वर्षी अवकाळीने गंजी वरून भिजली. आई अंथरुणाला खिळलेली होती आणि हुंगायचे काम माझ्याकडे आले. मी ते केले नाही. सात महिन्यांची गाभण गाय गाभडली, दुसरीने आठवडाभर वैरणीला तोंड लावले नाही. डॉक्टरांनी गंजीत हात घालून काळी पडलेली मूठभर पाती बाहेर काढली आणि माझ्यापुढे धरली. त्यानंतर त्यांना वेगळे काही सांगावे लागले नाही.

हे आधी सांगतो, कारण पुढे मी बुरशीचीच बाजू मांडणार आहे. पिकाचा टाकाऊ भाग बुरशीने मऊ करून जनावरांना खाऊ घालावा, असे मला वाटते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना त्याची जितकी गरज आहे तितकी राज्यात फार थोड्या भागांना असेल. मात्र हे काम एकेकट्या शेतकऱ्याच्या गोठ्यात होता कामा नये. ते साखर कारखान्याने आणि दूध संघाने अंगावर घ्यावे. या दोन्ही गोष्टी मी एकत्रच मांडतो. पहिली घेऊन दुसरी सोडली, तर आईने उकिरड्यावर टाकलेली पेंढी आपण पुन्हा दावणीत आणू.

माझी बहीण वाळवा तालुक्यात दिली आहे. हंगामात तिच्याकडे गेलो की रात्री गच्चीवरून चारी बाजूंना पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटलेले दिसते. उसाच्या एका एकरातून तीन-चार टन पाचट निघते. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारे पुढचे पीक, ठेवायचा असेल तर हल्ली बरेच जण ते सरीत दाबतात. पण खोडवा मोडून सोयाबीन किंवा गहू करायचा असला की काडी ओढली जाते. दाजी म्हणाले, "पाव्हणं, तुमच्याकडं वैरण न्हाई आन् आमच्याकडं ठेवायला जागा न्हाई." कराडच्या प्रीतिसंगमापासून खाली सांगलीपर्यंत कृष्णाकाठी ही परिस्थिती. आणि तिथून दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर माण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ. या तालुक्यांनी १९७२ पासून किती दुष्काळ बघितले आणि किती छावण्यांच्या पत्र्याखाली जनावरे बांधली, ते मोजायला नको. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याने काही गावे हिरवी झाली, तरी चैत्रात खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड विकायला आणलेल्या माणसाला विचारले, तर विकण्याचे कारण बहुतेक वेळा वैरण हेच निघते.

मग पाचट तसेच ट्रकमध्ये भरून माणला का नेत नाही? कारण ते निबर आहे. हा शब्द मी मुद्दाम वापरतो. हत्तीघास कापायला आठ-दहा दिवस उशीर झाला की आपण म्हणतो, निबर झाला, जनावर तोंड लावीना. शास्त्राच्या भाषेत त्या निबरपणाचे नाव लिग्निन. गवताच्या काडीत सेल्युलोज असते, म्हणजे साखरेच्याच कड्या एकमेकींत अडकवून केलेली साखळी. गाय ती पचवू शकते, माणूस पचवू शकत नाही, म्हणून तर आपण गाय पाळतो. पण काडी जून होते तसे त्या साखळ्यांभोवती लिग्निन भरत जाते. ताठ उभे राहण्यासाठी झाडाला ते हवेच असते. मात्र गाईच्या पोटातले जिवाणू लिग्निनला भेदू शकत नाहीत, कारण ते फोडायला प्राणवायू लागतो आणि कोठीपोटात, म्हणजे तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, प्राणवायू जवळपास नसतो. म्हणून चांगली साखर पोटात जाऊनही शेणावाटे बाहेर पडते.

त्या कोठीपोटातसुद्धा बुरशी राहते, हे फार कमी लोकांना माहीत आहे. प्राणवायूशिवाय जगणारी बुरशी असूच शकत नाही, असे बरीच वर्षे मानले जायचे. मेंढीच्या पोटातल्या द्रवात शेपटी हलवत पोहणारे काही जीव सापडायचे, ते दुसऱ्याच कुळातले समजले जायचे. १९७५ मध्ये ब्रिटनमधल्या कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवले की ती बुरशीची बीजे आहेत. ती काडीवर बसतात, मुळ्या आत घुसवतात आणि काडी आतून उसवतात. त्यामुळे जिवाणूंना वाट मिळते. आपली गाय वैरण पचवते त्यात पहिल्यापासून बुरशीचा वाटा आहे. या बुरशीलाही लिग्निन खाता येत नाही, एवढेच.

ते काम करणारी बुरशी रानात, ओल्या ओंडक्यावर सापडते. पावसाळ्यात पडलेल्या आंब्याचा जुना बुंधा फोडून बघा. काही ठिकाणी लाकूड तपकिरी, चौकोनी तुकड्यांत फुटलेले दिसेल आणि काही ठिकाणी पांढरे, तंतुमय, बोटाने सोलता येईल असे. ही दुसरी, पांढरी कूज करणारी बुरशी हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने लिग्निन जाळते. दक्षिण चिलीच्या पावसाळी जंगलात अशा पांढऱ्या पडलेल्या लाकडाला 'पालो पोद्रिदो' म्हणतात, म्हणजे सडलेले लाकूड, आणि तिथले लोक ते गुरांना चारतात. लाकूड खाऊन गुरे जगतात, कारण बुरशीने त्यातला निबरपणा आधीच काढून टाकलेला असतो. बाजारात मिळणारी धिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, याच कुळातली. गव्हाच्या काडावर किंवा भाताच्या पेंढ्यावर तिचे बियाणे पेरले, ओल आणि पंचवीस अंशांच्या आसपास उबारा ठेवला, की महिन्या-दीड महिन्यात काड पांढऱ्या जाळ्याने भरते आणि मऊ पडते. काही जाती निबरपणा आधी खातात आणि साखर मागे ठेवतात. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात अशा जाती निवडून त्यांवर बरेच काम झाले आहे.

इथे बुरशीचे प्रचारक एक गोष्ट वाढवून सांगतात. ती मी खोडून काढतो, कारण फुगवून सांगितलेल्या गोष्टीवरचा विश्वास एका हंगामात उडतो आणि मग खरे सांगितलेलेही कोणी ऐकत नाही. "बुरशीमुळे प्रथिने वाढतात," असे म्हटले जाते. हिशेब करू. शंभर किलो काडात साडेतीन किलो प्रथिने आहेत असे समजा. बुरशी वाढताना काडातलाच काही भाग खाते आणि तो वायू होऊन उडून जातो. शंभराचे ऐंशी किलो उरले. प्रथिने तेवढीच, साडेतीन किलो. टक्केवारी मात्र साडेतीनवरून ४.४ वर गेली. कागदावर वाढ दिसली, गव्हाणीत एक मूठही जास्त आली नाही. बुरशी हवेतून नत्र ओढत नाही. बाहेरून नत्र दिले तरच ती त्याचे प्रथिन करील.

पचनाचाही असाच हिशेब मांडावा लागतो. समजा, साध्या काडातला ४५ टक्के भाग पचतो आणि बुरशीनंतर ५५ टक्के पचू लागला. शंभर किलो काडातून आधी ४५ किलो अंगी लागायचे. आता पंधरा किलो उडून गेले, उरलेल्या ८५ किलोचे ५५ टक्के म्हणजे पावणेसत्तेचाळीस किलो. एवढी धावपळ करून पावणेदोन किलो हाती लागले. मग फायदा कशात आहे? गाईच्या पोटाच्या मापात. गाय दिवसाला आठ किलोच कोरडी वैरण खाणार असेल, तर त्या आठ किलोतून पूर्वी ३.६ किलो मिळायचे, आता ४.४ किलो मिळतील. मऊ पडलेली वैरण पोटातून लवकर पुढे सरकते, म्हणून ती थोडे जास्तही खाईल. गाईला फायदा आहे, गंजीला नाही.

या आकड्यांवरून माझे मत ठरले. ज्याच्याकडे मोजका कडबा आहे त्याने त्याला बुरशी लावू नये. माणच्या शेतकऱ्याने शाळूचा कडबा धिंगरीला घातला तर त्याची पंचमांश गंजी हवेत जाईल. त्याच्यासाठी युरियाची जुनी प्रक्रियाच बरी. शंभर किलो वैरणीला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरांवर शिंपडायचा, दाबून प्लास्टिकखाली तीन आठवडे बंद ठेवायचे, मग वारा देऊन घालायचे. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना मात्र ती द्यायची नाही. या पद्धतीत तयार होणारा अमोनिया काडी सैल करतो आणि बुराही धरू देत नाही. बुरशीचे काम आहे ते नाहीतर जळूनच जाणाऱ्या मालावर. तिथे पंधरा-वीस टक्के घट सोसवते, कारण जाळल्यावर घट शंभर टक्के असते.

त्यातही पहिला हक्क जमिनीचा. फलटण तालुक्यातल्या पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासूनचे. पाचट जाळू नका, कुजवा, हे तिथले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत आणि कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी बघितल्या की त्यांचे म्हणणे किती खरे ते कळते. सरीतले पाचट उचलून जनावरांना घालण्याच्या मी विरोधात आहे. मी बोलतोय ते खोडवा मोडताना पेटणाऱ्या पाचटाबद्दल, शिराळा-पाटणच्या भाताच्या पेंढ्यातल्या वाया जाणाऱ्या भागाबद्दल, मळणीनंतर बांधावर ढीग मारून ठेवलेल्या सोयाबीनच्या भुसकटाबद्दल, मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांबद्दल. वाढे, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, यात येत नाही, ते हिरवे असतानाच दावणीला जाते आणि त्याच्यासोबत चुन्याची निवळी देण्याची रीतही आहे. तासगावच्या द्राक्षबागांची छाटणी तर कटाक्षाने वगळावी. त्या काड्यांवर बोर्डो मिश्रणाचे तांबे असते, वर्षभराच्या फवारण्या असतात. मेंढीला तांबे फार लवकर बाधते आणि बुरशी धातू शोषून घेते. एवढा धोका पत्करायची काही गरज नाही.

आता बुरा आणि बुरशी यांच्यातला फरक. तो डोळ्यांनी कळत नाही, माझा सगळा आग्रह यावरच उभा आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. कारण निघाले ब्राझीलहून आलेली शेंगपेंड, तिच्यावरची बुरशी आणि त्या बुरशीचे विष. त्यातून अफ्लाटॉक्सिन हे नाव जगाला कळले. गाईने ते खाल्ले की त्याचा काही अंश दुधात उतरतो आणि दूध उकळून तो जात नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांतल्या ३६८ नमुन्यांत हे विष ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होते. आपल्याकडे दूध म्हटले की भेसळीचीच चर्चा होते. इथे मात्र कोणीही लबाडी केलेली नाही, तरी लेकराच्या पेल्यात विष गेले, आणि ते आले वैरणीतून किंवा पेंडीतून.

धिंगरीचे बियाणे पेरलेल्या काडात चार ठिकाणी हिरवा, काळा बुरा शिरला तर तो ओळखायचा कोणी? शिबिरात दोन तास ऐकून आलेल्या शेतकऱ्याने? त्याच्याकडे निर्जंतुक करायला काय आहे? अळिंबीचे छोटे उत्पादक काड फॉर्मालिन आणि कार्बेन्डाझिमच्या पाण्यात भिजवतात, कारण वाफेची सोय नसते. अळिंबी काढून झाल्यावर उरलेले काड "पौष्टिक आहे" म्हणून शेजारच्या गोठ्यात जाते. मी हे होताना बघितले आहे. देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण बुरशीनाशकात बुडवलेले काड दुभत्या म्हशीपुढे टाकायचे नसते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आपल्या देशात हा प्रयोग पहिल्यांदा होतोय असेही नाही. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत चाळीसेक वर्षांपूर्वी काडावर आधी युरियाची प्रक्रिया आणि मग त्यावर कोप्रिनस नावाची बुरशी, अशी दोन टप्प्यांची पद्धत बसवली गेली. ती 'कर्नाल पद्धत' म्हणून ओळखली गेली. विचार चांगला होता, उडून जाणारा अमोनिया बुरशीने धरून त्याचे प्रथिन करायचे. पण गावागावांत ती रुजली नाही. काडातली घट, नको त्या बुरशीचा शिरकाव आणि मेहनत, हे सगळे एका कुटुंबाने पेलायचे म्हणजे फार होते. माझ्या मते कर्नालची पद्धत चुकली नव्हती, ती करायची जागा चुकली होती.

आपल्याकडे ती जागा आहे. साखर कारखान्यात बॉयलर आहे, म्हणजे वाफ आहे. काड निर्जंतुक करायला औषधाचा थेंबही लागणार नाही. वजनकाटा आहे, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आहे, रोज नमुने तपासणारी प्रयोगशाळा आणि तिच्यात काम करणारी रसायनशास्त्र शिकलेली मुले आहेत. गळीत हंगाम थंडीत चालतो, वैरण लागते उन्हाळ्यात, मध्ये दोन-तीन महिने मिळतात. शिवाय बुरशीची कारखान्याला सवयही आहे. मळीपासून अल्कोहोल करणारे यीस्ट हे बुरशीच्याच कुळातले. पहिल्या महायुद्धात जर्मनीत बाहेरून येणारे पशुखाद्य बंद झाले, तेव्हा त्यांनी मळीवर यीस्ट वाढवून जनावरांना घातले. फिनलंडमध्ये १९७५ मध्ये कागद कारखान्याच्या सांडपाण्यावर बुरशी वाढवून पशुखाद्य करणारा कारखाना सुरू झाला आणि बरीच वर्षे चालला. तिथे प्रथिने खरोखर तयार होत होती, कारण द्रवात नत्र मिसळले जायचे. वाळलेल्या यीस्टमध्ये निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. सरकी पेंडीचे पोते घेताना ज्याचा जीव वर-खाली होतो, त्याला या आकड्याचे मोल सांगावे लागत नाही. म्हणून डिस्टिलरीतला यीस्टचा गाळ आणि मऊ केलेले काड, दोन्ही एकाच आवारात एकत्र यावीत असे मला वाटते. एकातून प्रथिने, दुसऱ्यातून ताकद.

वाहतुकीचा आक्षेप खरा आहे. बुरशी लावलेल्या काडात साठ-सत्तर टक्के पाणी असते, ते तसेच माणला न्यायचे म्हणजे पाणी वाहून न्यायचे. ते कारखान्याच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाळवून, दाबून गठ्ठे करूनच न्यावे लागेल. वाळवलेल्या मालाला पुन्हा बुरा धरायचा धोकाही कमी. बगॅस, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, वीजनिर्मितीला जातो, तो कोणी सोडणार नाही, त्याची मागणीही मी करत नाही. खर्च किती येईल, किलोमागे दर काय पडेल, हे मांडायला आधी एक हंगाम करून बघावे लागेल. तो एक हंगाम मागायलाच मी हे लिहितोय.

लोक घेतील का, असेही विचारले जाते. पलूस तालुक्यात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सुरुवातीच्या मालात कडबा कापायचे यंत्र होते आणि लोखंडी नांगर होता. लोखंडाने जमीन नासते असे म्हणून शेतकऱ्यांनी सुरुवातीला नांगर घेतला नव्हता. त्यांना मी अडाणी म्हणणार नाही. जमीन एकच असते, ती नासली तर दुसरी कुठून आणणार? शेजारच्या रानात नांगर चालताना दिसला तेव्हा त्यांनी घेतला. बुरशीच्या वैरणीलाही तसेच शेजारचे रान दाखवावे लागेल, आणि आईसारख्या हुंगणाऱ्या बायकांपुढे ती वैरण आधी ठेवावी लागेल. चांगल्या धिंगरीच्या काडाला रानातल्या भूछत्रीसारखा ताजा वास येतो, कुबट येत नाही. त्या नाकांना तो फरक माझ्यापेक्षा लवकर कळेल.

बहिणीच्या नावावर त्यांच्या कारखान्याचा शेअर आहे. यंदाच्या वार्षिक सभेत तिच्या सहीने एक लेखी विषय द्यायचा आम्ही ठरवले आहे. मजकूर दाजींनी आणि मी बसून लिहिला तो असा: "कारखान्याने चालू हंगामात खोडवा मोडलेल्या शेतांतील ५० टन पाचट सभासदांकडून वजनावर विकत घ्यावे. ते वाफेने निर्जंतुक करून, पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी केंद्राच्या सल्ल्याने धिंगरीचे बियाणे लावून वैरण तयार करावी. गठ्ठ्यांच्या प्रत्येक तुकडीची अफ्लाटॉक्सिनसाठी तपासणी करून निकाल कारखान्याच्या फळ्यावर लावावा. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या देखरेखीखाली ती वैरण माण आणि आटपाडी तालुक्यांतील तयार असलेल्या पशुपालकांच्या गाईंना एक वेत घालावी. दर पंधरवड्याला दुधाची तपासणी व्हावी, आणि या काळात एखाद्या जनावरास अपाय झाल्यास भरपाई कारखान्याने द्यावी."

शेवटचे वाक्य दाजींना जड वाटले. विषय त्यामुळे फेटाळला जाईल, असे त्यांचे म्हणणे. बहिणीने कागद वाचला, आईची आठवण काढली आणि ते वाक्य ठेवून खाली सही केली.